गोष्टीतल्या मुलीला आलेलं स्थळ

स्पर्धा मैत्रीपूर्ण आहे असं कुणी म्हणालं की मी आधी सावध होते. आमच्या अवसरीत क्रिकेटचे मैत्रीपूर्ण सामने होतात आणि त्यांत स्टंप उपटून माणसं एकमेकांच्या मागं धावतात. त्यामुळे मंचरच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई मला म्हणाल्या, "एक छोटीशी मैत्रीपूर्ण कथास्पर्धा घेतोय, तुम्ही लिहा की," तेव्हा मी पुस्तक बदलून घेतलं आणि हसून विषय टाळला.

मी एस.टी.त कंडक्टर आहे, चाकणच्या गाडीवर. ड्यूटी संपली की मंचरच्या स्टँडवर अवसरीच्या गाडीला वेळ असतो, तो मी वाचनालयात काढते. दिवसभरात गाडीत घडलेलं काहीबाही ग्रंथपाल बाईंना सांगते आणि त्या काम बाजूला ठेवून ऐकतात. मी लिहिते हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. नवरा सोडला तर कुणालाच नव्हतं. लिहून झालं की मी दिवाळी अंकांकडे पाठवायचे. काही ठिकाणांहून नकार यायचा, बहुतेक ठिकाणांहून तोही यायचा नाही. नकार आला तर निदान कुणीतरी पाकीट फोडलं एवढं तरी कळतं.

लिहिताना मला जेवढं शहाणं वाटतं तेवढं एरवी कधी वाटत नाही. सकाळपासून "मागं सरका, सुट्टे द्या, दाराशी उभं राहू नका" एवढंच बोलणारी बाई मी. कागद समोर आला की माझ्याच तोंडी अशी वाक्यं येतात, की ती कुठं दडून बसली होती याचं नवल वाटावं. पण ऐकायला कुणी नसेल तर किती दिवस एकटीनं बोलत बसायचं? शेवटी मी स्पर्धेत नाव दिलं आणि नवऱ्याला सांगून टाकलं, "एवढी एक बघते. इथंबी काय झालं न्हाई, तर लिहिनं बंद."

नवरा डेअरीवर कामाला आहे. दुधाचं फॅट तपासून तपासून त्याला प्रत्येक गोष्टीत आधी पाणी दिसतं. "बंद कर न्हाईतर चालू ठेव," तो म्हणाला, "पर जेवताना कागद घिऊन बसू नको." हा त्याचा पाठिंबा. त्याच्या परीनं तो खरंच पाठिंबा होता.

स्पर्धा जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या वाचकांची. नियम ग्रंथपाल बाईंनीच केलेले. गोष्ट दीड पानाची. आपली गोष्ट आपण वाचायची नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या वाट्याला जी येईल त्यानं ती आपल्या आवाजात वाचायची, फोनवर रेकॉर्ड करायची आणि स्पर्धेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. लिहिणाऱ्याचं नाव निकालापर्यंत गुपित. आमच्या भागात कोण कुणाचं पाव्हणं निघेल याचा नेम नसतो, त्यामुळे तोंडदेखलं कौतुक टाळायचं तर नियम शहाणपणाचाच होता.

मी लिहिलेली गोष्ट अशी होती. एक शिकलेली मुलगी, चाकणला नोकरीला. घरचे तिच्यासाठी शेती करणाऱ्या एका मुलाचं स्थळ बघतात. एरवी मुलाकडची माणसं येतात, पोहे खातात आणि मुलगी बघून जातात. ही म्हणते, आधी मी एकटी जाऊन त्यांचं घर बघून येते. एस.टी.नं जाते. मुलगा कांद्याला पाणी धरत असतो. ती बांधावर उभी राहून त्याला विचारते, "मी इथं आले तर मला रोज काय काय करावं लागेल?" तो खोरं बाजूला ठेवतो, जरा विचार करतो आणि खरं ते सांगतो. सकाळी शेण, संध्याकाळी धार, मधला वेळ तुझा. तिला हसू येतं. ती त्याचं घर बघते, पाणी पिते आणि परतीच्या गाडीत बसते. गोष्ट सांगणारी त्या गाडीची कंडक्टर असते. तिकीट देताना ती विचारते, "झालं का काम?" मुलगी म्हणते, "अजून नाही. परत येणार आहे." इथं गोष्ट संपते.

अशी मुलगी माझ्या गाडीत कधी बसलेली नाही. बसावी असं मला फार वाटायचं. लग्नसराईच्या आधी आमच्या गाड्यांत इस्त्रीचे कपडे घातलेले आई-बाप दिसतात, पोरासाठी मुलगी बघायला निघालेले. जाताना ते एकमेकांशी बोलत असतात, येताना खिडकीबाहेर बघतात. मग मला विचारावं लागत नाही. शेतकरी मुलाला मुलगी द्यायला आता कुणी तयार नाही, आणि मुलींना तरी काय म्हणून बोल लावायचा? त्यांनी आपापल्या आयांचं आयुष्य जवळून बघितलेलं असतं. मला दोन्हीकडचं कळायचं आणि त्यावर उपाय सुचायचा नाही, म्हणून मी ती मुलगी लिहिली.

माझी गोष्ट जुन्नरच्या एका बाईंच्या वाट्याला आली. नवऱ्याबरोबर कापडाचं दुकान चालवतात, सगळा ग्रुप त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. त्यांनी गोष्ट दुकानात बसूनच वाचली. वाचली म्हणणं चुकीचं आहे. शेजारणीला कालची हकिकत सांगावी तशी त्यांनी ती सांगितली. मुलगी बांधावर उभी राहते तिथं मागून एक गिऱ्हाईक विचारतं, "पिवळ्या रंगात हाय का वो?" खाला म्हणतात, "थांब जरा, पोरगी बांधावर उभी आहे," आणि पुढं सुरू करतात. रेकॉर्डिंग परत करायला हवं होतं, पण त्यांनी तेच टाकून दिलं. मी ते स्टँडवरच्या बाकावर बसून ऐकलं. माझीच गोष्ट, आणि पुढं काय होणार म्हणून माझाच जीव खालीवर झाला. इतकं बरं मला किती तरी दिवसांत वाटलं नव्हतं.

निकाल जुन्नरला, एका शाळेच्या वर्गात. समोसे होते, चहा होता, बाकं लहान मुलांची, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी आलेले. आंबेगावकरांची जुन्नरकरांच्या चहाला नावं ठेवून झाली, जुन्नरकरांची आमच्या उशिरा येण्याला. परीक्षक म्हणून पुण्याहून एक गृहस्थ आले होते. मऊ बोलणारे. पहिला नंबर एका निवृत्त शिक्षकांच्या गोष्टीला गेला. ती खरंच चांगली होती, म्हणून तर मला जास्त राग आला. मला मिळालं उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थचा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो. तुम्ही आलात, बरं वाटलं. ते तरी मला एकटीला असतं तर गोष्ट वेगळी, पण नंबर नसलेल्या झाडून सगळ्यांना तेच होतं.

परीक्षक प्रत्येकाविषयी दोन शब्द बोलले. माझ्याविषयी म्हणाले, "भाषा सहज आहे. पण शेवट अपुरा राहिला. मुलीनं होकार दिला की नकार, वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. लेखिकेनं ठरवायला हवं होतं." सगळ्यांनी माना हलवल्या. खाला तेवढ्या उठून माझ्यापाशी आल्या. "तूच का ती? मला तर गोष्ट पाठ झाली बघ," म्हणाल्या. पण राग आलेल्या माणसाला कौतुकही टोमण्यासारखं लागतं. मी त्यांचे धड आभारसुद्धा मानले नाहीत.

बक्षीस म्हणून स्टीलचा डबा होता. घरी आल्यावर नवऱ्यानं तो उलटसुलट करून बघितला. "जाड हाय," तो म्हणाला. मी त्यात हरभऱ्याची डाळ भरली, ग्रुप म्यूट केला आणि बोलल्याप्रमाणे लिहिणं बंद केलं.

ते दिवस चांगले गेले नाहीत. गाडीत कुणी काही बोललं की सवयीनं मनात वाक्य तयार व्हायचं आणि मग आठवायचं, की आता याचं काही करायचं नाही. मी प्रवाशांवर उगीच खेकसायला लागले. एका आजोबांनी तर मला विचारलं, "काय बाय, घरी भांडान झालं का?" त्यांना काय सांगणार, की भांडण झालंय पण घरच्यांशी नाही?

अशातच एका सुट्टीच्या दिवशी दारात मोटारसायकल थांबली. साठीच्या आसपासचं जोडपं. गृहस्थांच्या डोक्याला टोपी, अंगात पांढरा शर्ट, बाईंची साडी नवी, नुकतीच घडी मोडलेली. कंडक्टरच्या घरी अनोळखी माणसं आली की कारण एकच असतं, तक्रार. कुणाचे सुट्टे राहिले, कुणाला उतरवलं, कुणाची पिशवी गेली, असं मी मनातल्या मनात आठवायला लागले. नवरा मात्र पुढं झाला. "या पावणं, बसा. पानी आन गं."

पाणी झालं, चहा आला. पाऊसपाणी, बटाट्याचा भाव, अवसरीत कोण कोण ओळखीचं, सगळं झालं. गृहस्थ महाळुंगे पडवळचे, मळ्यात राहणारे. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि मला विचारलं, "मॅडम, पोरगी कुटली म्हनायची?"

"कोणती पोरगी?"

"ती वो. तुमच्या गाडीत बसलेली. परत येनार म्हनाली ती."

त्यांनी फोन काढला आणि क्लिप लावली. खालांचा आवाज, पिवळ्या रंगाचं गिऱ्हाईक, बांधावरची मुलगी. आमच्या ग्रुपमधल्या कुणीतरी ती पुढं पाठवली होती, त्या कुणीतरी आणखी पुढं, आणि कुठल्यातरी वळणावर तिच्या वरची 'कथास्पर्धा' ही ओळ गळून पडली होती. फिरत फिरत ती पोचली होती स्थळांच्या ग्रुपवर, जिथं मुलामुलींचे बायोडाटा टाकतात. ज्यानं टाकली त्यानं खाली लिहिलं होतं, 'मुलगी शिकलेली, शेतकरी मुलगा चालेल.' यांनी मग मंचरच्या स्टँडवर जाऊन चौकशी केली, चाकणच्या गाडीवर बाई कंडक्टर कोण. माझं घर सापडायला त्यांना काही वेळ लागला नाही.

"आमचा पोरगा चौतीसचा हाये," गृहस्थ सांगायला लागले. "एकुलता. बागायत हाये, टॅक्टर हाये. माळकरी हाये, तंबाखूला शिवत न्हाई. आमी म्हनलं, त्या बांधावरच्या पोराचं जमलं आसंल तर आनंद हाये. पर नसंल जमलं, तर तुमी आमचं नाव सुचवा. आमचा बी पोरगा खरंच बोलतो."

खरं सांगते, मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कुठल्याच दिवाळी अंकानं दिलं नाही ते या माणसानं मोटारसायकल काढून दारात आणून दिलं होतं. माझ्या दीड पानातल्या मुलीला स्थळ आलं होतं! आणि त्याच वेळी त्या बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, डॉक्टरकडे बघतात तशा. मी तोंडावरचं हसू पुसलं.

मी बोलायच्या आत गृहस्थांची नजर भिंतीवर गेली. तिथं बुद्धाचा मोठा फोटो आहे आणि शेजारी माझ्या आजोबांचा, त्यांनी दीक्षा घेतली तेव्हाचा. ते बघून गृहस्थ म्हणाले, "पोरगी तुमच्यातली हाये का? आसली तरी चालंल. आमी आता तसलं काय बघत न्हाई."

माझं डोकंच सणकलं. चालंल! जन्मभर हा शब्द ऐकत आलेय, देणारा उपकार करतोय आणि घेणाऱ्यानं वाकायचं. मी चांगलं सुनावणार होते. पण त्यांच्या बायकोनंच त्यांना झापलं. "चालंल काय म्हनता वो? तिला आपुन चालू का, ते इचारा की आधी!"

नवऱ्याला हसू आलं, मलाही आलं, आणि गृहस्थही टोपी काढून डोकं खाजवायला लागले. राग तिथंच निवला. पण आता लांबवून उपयोग नव्हता. मी म्हटलं, "दादा, ती मुलगी न्हाई. कुठंच न्हाई. ती गोष्ट आहे. मीच मनानं लिहिली."

"मनानं?"

"हो. स्पर्धेसाठी."

"आन् ह्यो आवाज?"

"जुन्नरला एक कापड दुकानवाल्या आहेत, त्यांचा."

"आन् त्यो बांधावरचा पोरगा?"

"तोबी न्हाई."

त्यांनी फोन खिशात ठेवला. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते चिडले नाहीत. बशीतला उरलेला चहा त्यांनी संपवला, कप बाजूला ठेवला आणि नवऱ्याला डेअरीच्या दराबद्दल काहीतरी विचारलं. नवराही लगेच त्या दरावर बोलायला लागला, जसं काही ते त्यासाठीच आले होते. नवऱ्याचं मला फार कौतुक वाटलं त्या वेळी.

बोलत बोलत दोघं बाहेर गाडीकडे गेले. बाई माझ्याबरोबर दारात थांबल्या. मी म्हणाले, "मावशी, तुम्हाला उगीच हेलपाटा झाला. मला लई वाईट वाटतंय."

"तुमी काय केलं? तुमी काय सांगावा धाडला व्हता?" पदर सारखा करून त्यांनी विचारलं, "पर ताई, लिवली तुमी, म्हंजी तुमाला तरी ठावं आसंल. ती परत आली का वो?"

हेच जुन्नरला परीक्षकांनी विचारलं होतं आणि मी मनातून त्यांना शिव्या घातल्या होत्या. त्यांना उत्तर हवं होतं ते गोष्ट नीट व्हावी म्हणून. या बाईला ते घरी घेऊन जायचं होतं. 'आली' म्हणायला काय लागतं? पण माझ्या तोंडून ते निघेना. "मला न्हाई माहीत," मी म्हणाले. "अजून ठरलं न्हाई माझं."

"मंग घाई नगा करू," त्या म्हणाल्या. "पोरीनं इचार करूनच यावं. आमाला कुनी इचार करू दिलाय?" त्यांनी गाडीकडे पाहिलं. दोघं पुरुष अजून दुधातच होते. त्यांनी आवाज खाली आणला. "एक सांगू का? त्यात ती पोरगी घर बगती ना, तवा न्हानीचा पडदा बाजूला करती."

मी ते विसरूनही गेले होते. होतं एक वाक्य. मुलीनं न्हाणीचा पडदा बाजूला केला, आत पाहिलं, पडदा पुन्हा नीट लावला आणि काही बोलली नाही. घर बघते म्हणजे काय काय बघते, हे लिहिताना ते ओघात येऊन गेलं होतं. परीक्षकांच्या ते लक्षात आलं नव्हतं, ग्रुपवर कुणाच्या आलं नव्हतं, आणि खरं म्हणजे माझ्याही आलं नव्हतं.

"आमच्याकडं सोप्याला फरशी हाये, टीव्ही हाये भला मोटा," त्या सांगत होत्या. "पर न्हानी भाईर, आन् तिला साडीचा पडदा. कुनाच्या डोक्यातच आलं न्हाई. पोरानं ती गोष्ट आयकली, परत लावली, परत आयकली. दुसऱ्या दिशी मंचरला गेला आन् दार घिऊन आला. सोता बसवलं. आतनं कडी लावली. म्हनला, ती आली आन् पडदाच दिसला तर कसं वाटंल तिला?"

"चांगलं केलं," मी म्हणाले.

"ती काय आता येत न्हाई," बाई हसून म्हणाल्या. "पर लगीन होऊन आले तवापासनं मी एका हातानं पडदा धरून न्हात आले वो. वारं आसलं की लई जपावं लागायचं. आता मी कडी लावती आन् दोनी हातानं डोस्कं धुती."

एवढं बोलून त्या गेल्या. गाडीवर बसल्या, पदर मांडीखाली खोचला, मला हात केला. नवरा आत येऊन म्हणाला, "भली मानसं हायेत. काय म्हनत व्हत्या?" मला रडू येत होतं आणि ते मी आवरलंही नाही. तो घाबरून पाणी आणायला गेला, तेवढ्यात मी ग्रंथपाल बाईंना फोन लावला आणि विचारलं, पुढची स्पर्धा कधी घेताय.